काकू, त्या चौथ्या रकान्यासाठी थँक्यू

जय ख्रिस्त काकू,

हे सगळं तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, पण बोलायला गेलो की माझा गळा दाटून येतो आणि तुम्ही लगेच "असू दे रे बाळा" म्हणत विषय बदलता, म्हणून शेवटी लिहायलाच बसलो. आणि उघडपणे लिहितोय, कारण माझ्यासारखे कितीतरी जण रविवारी हसून सगळ्यांशी हात मिळवतात आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पडतात, त्यांच्याही वाचनात यावं असं मनापासून वाटतं.

आठवतंय का, उपासना संपली होती, मी कीबोर्डची वायर गुंडाळत होतो आणि तुम्ही जवळ येऊन म्हणालात, "तू वाजवतोस पण हल्ली गात नाहीस, काय झालंय?" मी म्हटलं काही नाही, झोप जरा कमी होतेय. खरं तर तेव्हा रोज पहाटे तीनला जाग यायची ती उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा नाही, भूक मेलेली, अंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर, आणि प्रार्थनेला बसलो की "हे प्रभू" च्या पुढे शब्दच नाही. कॉयरमधल्या एवढ्या जणांनी मला दर आठवड्याला पाहिलं पण माझे ओठ हलत नाहीत हे फक्त तुम्हाला दिसलं.

तुम्ही माझ्या "काही नाही" वर गेला नाहीत. दोन दिवसांनी घरी आलात, दार लोटून घेतलंत आणि सरळ विचारलंत, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल अशी लोकांना भीती असते ना, पण तसं होत नाही, मला तर छातीवरचा दगड कुणीतरी दोन मिनिटं उचलून धरल्यासारखं वाटलं. मी हो म्हणालो आणि ढसाढसा रडलो. तुम्ही बायबलचं एकही वचन सांगितलं नाहीत. त्या रात्री मला एकटं सोडलं नाहीत, घरच्यांना माझ्या समोरच सगळं सांगितलंत आणि सकाळी मानसोपचार तज्ञाकडे घेऊन गेलात.

काकू, आता कबूल करतो, तेव्हा मला याची लाज वाटली होती, ख्रिस्ती माणसाला मनाच्या डॉक्टरकडे जावं लागतं म्हणजे माझा विश्वासच खोटा असं वाटत होतं. तुम्ही रस्त्यात एवढंच म्हणालात, "शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलंय, त्याला कुणी विश्वास कमी आहे म्हटलं नाही."

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि बजावलं की फरक पडायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळ होईल, आणि काही झालं तरी स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि मी नेमकं तेच केलं. एका प्रार्थना गटात मला सांगण्यात आलं की हा आत्म्याचा प्रश्न आहे, गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास, आज इथेच सोड. मी सोडली. तीन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, विनाकारण रडू, आणि वर ही खात्री की देवाने मला बरं केलं नाही म्हणजे त्याने मला टाकलंय. त्या लोकांचा हेतू वाईट नसेल, पण आजारी माणसाच्या खांद्यावर त्याच्या आजाराचा दोष ठेवणं फार भयंकर आहे हो, हे मी कधीच विसरणार नाही. तुम्ही रागावला नाहीत, परत डॉक्टरकडे नेलंत आणि त्या दिवशी ती वही आणलीत.

साधी दोनशे पानी वही. पट्टीने चार रकाने आखलेले, झोप, जेवण, गोळी आणि प्रार्थना. पहिले तीन मी भरायचे, चौथ्यात रोज तुमच्या अक्षरात "मी केली." मी विचारलं हे काय, तर म्हणालात, "तुला होईपर्यंत तुझ्या वाटची मी करते, तू गोळी चुकवू नकोस म्हणजे झालं." काकू, माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणणारे खूप होते, पण माझ्या वाटची प्रार्थना कुणी स्वतःवर घेतली नव्हती.

आणि ते बायबलमधलं स्तोत्र ८८. मला वाटलं होतं तुम्ही दिलासा देणारं २३ वं वाचाल, सगळे तेच वाचतात. तुम्ही ८८ वाचलंत, शेवटपर्यंत, आणि ते अंधारातच संपतं, पुढे दिलासा नाही, स्तुती नाही, काही नाही. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि गप्प बसलात. खूप वेळाने म्हणालात, "हेही पवित्र शास्त्रातच आहे बरं का, कुणी काढून टाकलं नाही." त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझ्या या अवस्थेलाही देवाच्या घरात जागा आहे.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचंही तसंच. झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या माणसाला देवाने आधी झोपू दिलं, खाऊ घातलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं, हे मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेलं. पण पुढे होरेब डोंगरावर देव त्याला एकच प्रश्न दोनदा विचारतो आणि एलीया दोन्ही वेळा तेच रडगाणं गातो, हे तुम्ही दाखवलंत. देव "झालं का तुझं परत सुरू" म्हणत नाही, उलट त्याला अलीशासारखा सोबती देतो. मी पण तुम्हाला तेच तेच सांगायचो काकू, रोज, त्याच शब्दांत, कधी रात्री अकराला फोन करून, आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलंत.

स्पर्जन या इंग्लंडमधल्या प्रसिद्ध उपदेशकाचं सांगितलंत तेही डोक्यात बसलंय. १८५६ मध्ये लंडनला त्यांच्या उपासनेत कुणीतरी आग आग ओरडलं, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली, तेव्हा ते फक्त २२ वर्षांचे होते, आणि त्यानंतरही आयुष्यभर त्यांना उदासीचे झटके येत राहिले, तरी ते प्रचार करत राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला झालं तर मला का नाही होणार, एवढाच विचार मी तेव्हा धरून बसलो होतो, तेवढा पुरला.

एका रात्रीत काही झालं नाही. साधारण पाचव्या आठवड्यात एकदा सलग सहा तास झोप लागली, मग भूक यायला लागली, मग एक दिवस गाणं ऐकावंसं वाटलं. काउन्सेलिंग चालू आहे, गोळ्याही चालू आहेत, बरं वाटायला लागल्यावरही काही महिने घ्यायच्याच आहेत आणि बंद करताना हळूहळू कमी करायच्या असं डॉक्टर म्हणालेत. वाईट दिवस अजून येतात, मागच्या महिन्यात सलग चार आले, पण आता मी तिसऱ्या दिवशीच फोन करतो.

आणि एक गोष्ट तुम्हाला अजून माहीत नाही. मंगळवारी तुम्ही गावाला होतात म्हणून चौथा रकाना रिकामा होता. रात्री गोळी घेतली, टिक केली, बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसलो, आणि मग त्यात माझ्या अक्षरात लिहिलं, "आज मी केली. दोनच वाक्यं." त्यातलं एक तुमच्यासाठी होतं.

रविवारी उपासनेनंतर घाईने निघू नका, वही घेऊन येतोय.

तुमचाच,
कीबोर्डवाला