उरलेला अर्धा कागद पाठवणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

तुमचं पाकीट परवा पोहोचलं, बाबांच्या फाटक्या पेपर-कात्रणाचा राहिलेला भाग मी मागितला होता ते. पोस्टमनने ते दारातच हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, अमेरिकेचं आहे, वाकवू नका असं लिहिलंय." दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा, कडेने चिकटपट्टी, आत बटरपेपर. मी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं आणि नंतर तासभर मला काही सुचेना. शेजारच्या वहिनी चहाला बोलवायला आल्या, त्या माझा चेहरा बघून घाबरल्याच.

मी मराठीतच लिहितेय. माझी भाची तिकडे असते, ती तुम्हाला अर्थ सांगेल. इंग्रजीत 'थँक यू' मी तुम्हाला मेलमध्ये लिहिलं होतं, पण ते लिहून माझं समाधान झालं नाही. ही सगळी गोष्ट मी बाबांच्या तोंडून मराठीत ऐकत मोठी झाले, तिचे आभारही त्याच भाषेत मानायला हवेत.

तुम्हाला मेलमध्ये सांगितलं नव्हतं ते आधी सांगते. बाबा १९५१ साली तुमच्या आयोवात, एम्सला, शेतकीचं शिक्षण घ्यायला आले होते. तुमच्या डेमॉइनपासून तासाभराच्या अंतरावर. थंडीचा कोट उसना, खिशात मोजके पैसे. त्या ऑक्टोबरात त्यांच्या वसतिगृहात रोज एकच नाव चालायचं, जॉनी ब्राइट. तुमच्या गावच्या ड्रेक विद्यापीठाचा खेळाडू. आपल्याकडचा फुटबॉल नव्हे, हातात चेंडू घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा पोरगा काळा आहे आणि त्याला सहजासहजी कुणी अडवू शकत नाही, एवढं कळत होतं. बाबा स्वतः चांगलेच सावळे. त्यांना तिथे काय काय सोसावं लागलं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. सांगायचे ते ब्राइटचं.

ड्रेक तेव्हा मिझुरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये खेळायचं. कॉन्फरन्स म्हणजे ठरलेल्या कॉलेजांची आपापसातली स्पर्धा. तुळसा, विचिटा, डेट्रॉइट, इलिनॉयमधलं ब्रॅडली, ओक्लाहोमा ए अँड एम अशी मंडळी त्यात होती. त्या मोसमात ड्रेकने पहिले पाचही सामने जिंकले होते. सहावा सामना २० ऑक्टोबरला, शनिवारी, स्टिलवॉटरला, ओक्लाहोमा ए अँड एमच्या मैदानावर. ब्राइटला आज मैदानाबाहेर काढणार, अशी कुजबुज गावात आधीपासून होती, तिथल्या पेपरांतही तसं आलं होतं. तुमच्या गावच्या डेमॉइन रजिस्टर या पेपरचे दोन फोटोग्राफर, डॉन उल्टँग आणि जॉन रॉबिन्सन, ते ऐकूनच गेले होते आणि त्यांनी कॅमेरा ब्राइटवरच रोखून धरला.

पहिल्या सात मिनिटांत त्या पोराला तीनदा बेशुद्ध पाडलं. समोरच्या संघातल्या एकाच खेळाडूने, विल्बँक्स स्मिथने. आणि तेही चेंडू ब्राइटच्या हातात नसताना. चेंडू देऊन तो मागे नुसता उभा होता. जबडा मोडला. मोडलेल्या जबड्यानिशी त्याने ६१ यार्डांचा पास टाकला आणि त्यावर ड्रेकला टचडाऊनचे गुण मिळाले. हे सांगताना बाबा जेवता जेवता थांबायचे आणि डावा हात गालाला लावायचे. मग तो बाहेर गेला आणि ड्रेक २७-१४ ने हरलं. पंचांना एकही फाऊल दिसला नाही.

फोटोवाल्यांना मात्र दिसलं होतं. सामना अर्धवट सोडून ते विमानाने परतले आणि रविवारच्या अंकात सहा चित्रांची मालिका सगळ्या आयोवाने बघितली. पुढच्या वर्षी त्यांना त्यासाठी पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळालं. बाबांनी त्या रविवारचा पेपर विकत घेतला होता. एक वेळचं जेवण सोडून, असं आई म्हणायची.

बाबा १९९८ साली गेले. आई गेल्या वर्षी गेली, तेव्हा आम्ही माळ्यावरची त्यांची लोखंडी ट्रंक काढली. तळाशी, एम्सच्या वह्यांखाली, ते कात्रण होतं. म्हणजे अर्धं कात्रण. घडीवर फाटलेलं, खालचा भाग गेलेला, उजव्या कोपऱ्याला कसरीने खाल्लेलं. वरच्या तुकड्यात ब्राइट उभा आहे. चेंडू कधीच पुढे गेलाय, तो त्या दिशेला बघतोय. डावीकडून कोणीतरी येतंय. एवढंच. मार खालच्या भागात होता. आमच्या घरात जॉनी ब्राइट इतकी वर्षं मार बसायच्या आधीच थांबून उभा होता.

मला खालचा भाग हवा होता. तुमच्याआधी मी सात महिने त्यासाठी दारोदार फिरले, म्हणजे कॉम्प्युटरवरून. एका ठिकाणाहून आपोआप उत्तर आलं, त्यात एक क्रमांक होता. दोन महिन्यांनी त्याच क्रमांकावर 'विनंती निकाली काढली आहे' असं आलं. काय निकाली काढलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकाने पैसे घेतले आणि भलत्याच तारखेचं पान पाठवलं, वर तक्रारीला उत्तर नाही. इथल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी तर तोंडावर सांगितलं, "नेटवर आहेत ना ती चित्रं, कागदाचं काय लोणचं घालायचंय?" आहेत नेटवर, मी बघितली आहेत. पण मला चित्रं नको होती, बाबांचा कागद पुरा करायचा होता. हे एकाही माणसाला समजावून सांगता आलं नाही मला. मीच काहीतरी वेडगळ मागतेय असं वाटायला लागलं होतं.

तुम्ही विचारलंही नाही कशाला हवंय. पहिल्याच मेलमध्ये लिहिलंत, तुकड्याशेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मी माझी शाळेतली लाकडी पट्टी ठेवून पाठवले. मला वाटलं, तारीख ताडून बघायला हवी असेल.

आणि परवा पाकिटातून निघाला तो नुसता खालचा तुकडा. पूर्ण पान पाठवलं असतं तरी मी तुमचे पाय धरले असते. तुम्ही मायक्रोफिल्मवरून, म्हणजे जुनी पानं बारीक करून जपलेल्या फिल्मवरून, ते पान बाबांच्या कागदाच्याच मापाने छापलंत आणि फाटलेल्या कडेबरहुकूम हाताने कापलंत. वाकडी, दातेरी कड, जशीच्या तशी. कसरीने खाल्लेली अर्धचंद्राची जागासुद्धा तुम्ही सोडलीत. मी तो तुकडा वरच्या तुकड्याखाली सरकवला आणि तो बसला. ओळी ओळींना लागल्या. पाकिटात तीन फसलेल्या प्रतीही होत्या, बहुधा चुकून राहिल्या असाव्यात. एकीत माप काडीभर मोठं झालंय, एकीत कापताना कात्री घसरलीय. त्या प्रती बघून मला रडू फुटलं. सत्तर वर्षांपूर्वीच्या पेपरचा तुकडा, साताऱ्यातली कोण कुठली बाई, आणि तुम्ही चौथ्यांदा कापायला बसलात.

एक राहिलं. आमच्या घरात 'ब्रॅडली' हा शब्द आहे, तो तुम्हाला सांगायलाच हवा. स्टिलवॉटरच्या प्रकारावर कॉन्फरन्सने काहीच केलं नाही. फोटो समोर असताना काही केलं नाही. तेव्हा ड्रेक कॉन्फरन्समधून बाहेर पडलं. आणि त्यांच्यासोबत ब्रॅडलीही बाहेर पडलं. बाबा म्हणायचे, "ड्रेकचं समजतं गं, त्यांचं पोरगं होतं. ब्रॅडलीला काय पडलं होतं? त्यांच्या कुणाचा जबडा मोडला होता?" बाबांच्या लेखी त्या मोसमात कोण जिंकलं, कोण हरलं याला काही किंमत नव्हती. त्यांनी त्यातून फक्त ब्रॅडली उचललं. आमच्या जमिनीच्या भांडणात गावचे सगळे गप्प बसले आणि एक सुतारकाका आपणहून साक्षीला उभे राहिले, तेव्हा बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "एक ब्रॅडली निघाला." आईला ते कुठल्या कॉलेजचं नाव आहे हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण शब्द ती बरोबर वापरायची. रात्री-अपरात्री रिक्षा काढणारा, रांगेत आपली जागा देणारी, सगळे ब्रॅडली. अशी माणसं असतात, बाई. संख्येने कमी असतात, पण त्यांच्यामुळेच आमच्यासारख्यांचं निभावतं.

तुम्ही पाकिटात ती चिठ्ठीही घातलीत, ओक्लाहोमाच्या त्या विद्यापीठाने २००५ साली ड्रेकला माफीचं पत्र पाठवल्याची, आणि ड्रेकच्या मैदानाला आता जॉनी ब्राइटचं नाव असल्याची. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाबा त्याआधी सात वर्षं गेले. ब्राइट तर १९८३ मध्येच गेला. तो पुढे कॅनडात खेळला, एडमंटनला शाळेत शिक्षक आणि मग मुख्याध्यापक झाला, हेही मी तुमच्यामुळे शोधून वाचलं. मीसुद्धा जन्मभर शाळेतच शिकवलं. बाबांना हे सांगायला हवं होतं. त्यांना फार आवडलं असतं, त्यांनी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगितलं असतं.

चिकटवू नका, डिंकाने जुना कागद काळा पडतो, असं तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतंत. नाही चिकटवलेलं. फ्रेमवाल्याकडे स्वतः बसून राहिले, तोही म्हणाला, "काकू, जोड दिसत नाही हो." दोन्ही तुकडे काचेखाली नुसते एकाला एक लावून ठेवलेत. तुमच्या त्या तीन फसलेल्या प्रती ट्रंकेत ठेवल्या आहेत, बाबांच्या वह्यांखाली, कात्रण होतं त्या जागी.

तुमची कायमची ऋणी,
एम्सला शिकलेल्या एका शेतकी मास्तरांची मुलगी
सातारा