कापसाच्या आयात शुल्काचं पेरणीआधी सांगा

संपादक महोदय,

अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर लावलेल्या 50 टक्के शुल्काबद्दल आपल्या पत्रात बरंच छापून येतं आहे. तिरुप्पूरच्या कापड निर्यातदारांची अडचण वाचली आणि पटलीही. गिरण्याच बंद पडल्या तर आमची रुई घेणार कोण? पण त्यांना दिलेल्या दिलाशाचं बिल कोणाच्या नावे फाटलं, तेही छापून यावं. मी धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) हिशेबनीस होतो. आता घरची कपाशी बघतो.

तारखा पाहा. गिरण्यांना दिलासा म्हणून 19 ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ केलं. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी. आमच्याकडे त्या दिवशी काटापूजन करून कापूस खरेदीचा मुहूर्त होतो. नेमकं त्याच दिवशी अमेरिकेचं वाढीव शुल्क लागू झालं आणि दुसऱ्या दिवशी आयातीची माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली. ब्राझील, अमेरिकेतून कापसाची गाठ यायला दीड-दोन महिने जातात. चाळीस दिवसांच्या सवलतीत नवा सौदा बसत नव्हता, मुदतवाढीने बसला. म्हणजे बाहेरचा माल बंदरात उतरणार ऐन आमच्या वेचणीत.

सीसीआयने (सरकारी भारतीय कापूस महामंडळाने) माफीच्या पहिल्या दोन दिवसांतच आपल्या गाठींचा भाव खंडीमागे 1100 रुपयांनी उतरवला. खंडी 356 किलोची. उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, 34 टक्के धरला तर एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो, म्हणजे क्विंटलमागे शंभरावर रुपये आमचा कापूस घरात यायच्या आतच गेले. सगळा दोष शुल्काला देणार नाही. 2022 च्या एप्रिलमध्येही शुल्क माफ केलं होतं, तरी भाव चढेच राहिले, कारण तेव्हा न्यूयॉर्कचा कापूस वायदा पाउंडाला दीडशे सेंटपर्यंत गेला होता. यंदा, 2025 च्या हंगामात, तो सत्तरच्या आत आहे. तेजीत दार उघडलं तर फारसं बिघडत नाही, मंदीत उघडलं की घर बसतं.

लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे हे खरं. पण सीसीआयला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, वर ॲपवर नोंदणी. पावसात भिजलेली बोंडं वेचून आणणाऱ्याने माल कुठे वाळवायचा? तो गावातच माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला गाठतो आणि सात हजारांच्या आगेमागे देऊन मोकळा होतो. “भाव काय शे, दादा?” असं मला अजून लोक विचारतात. उत्तर दिल्लीच्या एका अधिसूचनेवर ठरतं, हे त्यांना कसं सांगू?

माझं म्हणणं एवढंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची डिसेंबर 2025 ची बैठक 3 ते 5 तारखेला, हे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच जाहीर झालं होतं. वर्षाचं वेळापत्रक आधी छापायचं, असं कायद्यातच आहे. महागाई सलग तीन तिमाह्या मर्यादेबाहेर राहिली तर बँकेला सरकारकडे लेखी कारणं द्यावी लागतात. 2022 साली ती दिलीही. कर्ज घेणाऱ्याला इतकी शिस्त मिळते, मग मे-जूनमध्ये बियाण्यात पैसा घालणाऱ्याला का नाही? शुल्क कमी करा, वाढवा, पण हंगामाचा निर्णय एप्रिलअखेर सांगा. मध्येच बदलावा लागला, तर बाजारभाव हमीभावाच्या वर असतानाच बदला आणि कारण लेखी द्या.

तूर्त एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. 1 जानेवारी 2026 ला 11 टक्के परत येणार की पुन्हा मुदतवाढ? आमच्या गल्लीत निम्म्या घरांत कापूस भरून ठेवलेला आहे. विकायचा की थांबायचं, हे त्यावर ठरेल.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
धरणगाव, जि. जळगाव
(नोव्हेंबर 2025)