शाल घ्यायला जाशील ना, आई?

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर शाळेतल्या सत्काराचं काढलं, तर आई "मले नाई जमत बा थे स्टेजवर" एवढंच म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात दिला. बाबा म्हणाले, "आता देऊन काय लोणचं घालाचं काय?" फोनवर तुम्हा दोघांना काही समजावता येत नाही. एकाशी बोलावं तर दुसरं चुलीपासून उत्तर देतं. म्हणून लिहायला बसले. बाबा, आईचा चष्मा अजून झाला नसेल तर तुम्हीच वाचून दाखवा. मधलं गाळू नका, मला कळतं.

आई, सिनेमात आईची कामं करणाऱ्या तुझ्या त्या सुलोचनाबाईंचं सांगायचंय. दुपारी टीव्हीवर त्या दिसल्या की तू निवडायचं सूप बाजूला ठेवायचीस आणि दर वेळी म्हणायचीस, "इतकी गुणाची बाई, पन कोनी काई देलं नाई तिले." तुझं ते बोलणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठीच हे पत्र.

बाबांनी 'मोलकरीण' बहिरमच्या जत्रेत पाहिला होता, आबांच्या खांद्याला टेकून, तंबूत, खाली तट्ट्यावर. बाहेर रोडगे भाजायचा धूर आणि आत अख्खी गर्दी नाक ओढतेय, असं तुम्हीच सांगितलंय बाबा. आबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले म्हणून तुम्ही पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच पाहत बसलात. तो सिनेमा 1963 चा. पुढच्याच वर्षी 'मराठा तितुका मेळवावा' आला आणि त्याच बाई जिजाऊ झाल्या.

त्याआधी, 1959 साली, त्यांनी हिंदीत 'सुजाता' केला. आई, तो तुला आठवत असेल. अस्पृश्य म्हणून जन्मलेली मुलगी सुलोचनाबाईंच्या घरी वाढते आणि त्या बाई आल्यागेल्याला सांगतात, ही आमच्या बेटीसारखी. बेटी म्हणत नाहीत. तो एक 'सारखी' शब्द त्या पोरीला सगळा सिनेमाभर टोचतो. शेवटी त्या जिन्यावरून पडतात आणि रक्त त्याच पोरीचं चालतं. आता हिशोब बघा: ती पोरगी झालेली नूतन 1936 ची, सुलोचनाबाई 1928 च्या. दोघींत आठ वर्षांचं अंतर आणि आईचं काम! 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर त्या देव आनंद आणि प्राण या दोघांच्या आई. देव आनंद त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा, प्राण आठ वर्षांनी. हे सांगितल्यावर तू पदर तोंडाला लावून किती हसली होतीस!

'सुजाता'ला फिल्मफेअरची बक्षिसं मिळाली. सिनेमाला, बिमल रॉयना, नूतनला. सहायक अभिनेत्रीचं त्या वर्षी ललिता पवारांकडे गेलं, 'अनाडी'साठी. त्याही आपल्याच, येवल्याच्या, आणि ते काम होतंच तसं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ज्या आईच्या तोंडच्या 'सारखी'वर 'सुजाता' उभा आहे, ती घरी रिकाम्या हाताने गेली. इथवर तुझं खरं.

आता पुढचं ऐक. पद्मश्री मिळाली 1999 साली, तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. फिल्मफेअरने जीवनगौरव दिला 2004 मध्ये, निरुपा रॉय यांच्यासोबत. दोन आयांना एकदमच आठवण केली म्हणायची! आणि 2009 चा महाराष्ट्र भूषण आला तेव्हा ऐंशी उलटून गेलेली. अडीचशेच्या वर सिनेमे करून झाले, मग हे. बाबा, तुमच्या हिशोबाने हे सगळं लोणच्याचंच. उशीर झाला हे मीही म्हणते, आणि उशीर करणाऱ्यांना त्याची लाज वाटायला हवी. पण त्यासाठी घेणारीने का घरी बसायचं?

आई, तुझं खरं दुखणं मला माहीत आहे. त्या वर्षी आदर्श अंगणवाडी सेविकेच्या बक्षिसासाठी तू रात्र-रात्र जागून फाइल तयार केलीस, फोटो चिकटवले, बाबा सायकलवर जाऊन ती देऊन आले, आणि पुढे ना होकार ना नकार. नाव दुसरीचं आलं. तू तिला जाऊन पेढा भरवून आलीस आणि आठ दिवस कोणाशी नीट बोलली नाहीस. मी दहावीला होते, सगळं दिसत होतं.

पण आता बोलावतेय ती आपल्या गावची शाळा. तिथे फाइल नाही, फोटो नाही. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर नाव पुकारतील, बस. समोर बसलेल्यांतली अर्धी माणसं तू वजन केलेली आहेत. मला अजून दिसतं ते: आढ्याला काटा टांगलेला, झोळीत पोरगं टाहो फोडतंय, पाय झाडतंय, काटा थांबायला तयार नाही. तू एका हाताने झोळी धरून "थांब रे माह्या राजा" म्हणत डोळा काट्यावर ठेवायचीस. रजिस्टर दूर पडलेलं असायचं म्हणून आकडा पेनाने तळहातावर. संध्याकाळी भाकरी थापायला बसलीस की पिठाखाली गावातल्या पोरांची वजनं. आता मुख्याध्यापक झालाय ना शाळेत, त्याचंही त्यात असणार, आणि कमीच भरलेलं असणार. किती काटकुळा होता!

बोलायला लावतील याची भीती असेल तर मी सांगून ठेवलंय, भाषण नाही. नमस्कार करायचा, नारळ घ्यायचा, खाली यायचं.

मी पंचवीसला सकाळी बडनेऱ्याला उतरते, तिथून मिळेल त्या बसने चांदूर बाजार. बाबा, घ्यायला येऊ नका, त्या दिवशी संत्र्याला पाण्याची पाळी असेल तर ती सोडू नका. लाइन रात्रीची आहे की दिवसाची तेवढं कळवा. आई, हिरव्या काठाची साडी काढून ठेव, मी येऊन इस्त्री करते. फॉल उसवलाय, तो तू ओढत बसू नकोस.

आणि बाबा, रिटायर झाली तेव्हाची शाल तुम्ही हरभऱ्याच्या जागलीला नेली आणि रानडुकरांमागे धावताना बोरीच्या काट्यात फाडली. ही घरातच राहील.

तुमची,
बेबी