धक्क्यावर गोड्या पाण्याचा नळ हवा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

१ जूनला मासेमारी बंद होईल आणि ३१ जुलैपर्यंत आमच्या होड्या शाकारून, म्हणजे पावसासाठी वरून झाकून, उभ्या राहतील. उभ्या इंजिनाला काय धाड भरणार, असं लोकांना वाटतं. पण होडीच्या इंजिनाचा खरा घात या ६१ दिवसांतच होतो. बेलापूरजवळच्या कोळीवाड्यात मी तीस वर्षं होडी चालवतो आहे, म्हणून हे लिहितो.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत, पनवेल खाडीच्या तोंडाशी तापमानाचा काटा चढू लागला. इंजिन थंड ठेवायला पंप खाडीचं खारं पाणी आत ओढतो आणि ते एक्झॉस्टमधून, म्हणजे धुराच्या नळीतून, बाहेर पडतं. ते पडायचं थांबलं, नुसती पांढरी वाफ. भावकीतल्या होडीने आम्हाला ओढत आणलं. मिस्त्रीने एक्झॉस्टचा बिडाचा एल्बो, म्हणजे वाकडा जोड, उघडला. वरून रंग शाबूत होता, पण आत पाण्याच्या वाटेत गंजाचे एवढे पापुद्रे की करंगळी शिरेना. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर बीड खडूसारखं उतरलं आणि तळहातावर काळी भुकटी आली. खारं पाणी बिडातलं लोखंड खाऊन टाकतं आणि ग्राफाईट मागे ठेवतं. आकार तोच राहतो, जीव गेलेला असतो. खाऱ्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या कूलरमधली अंगठ्याएवढी जस्ताची कांडी चघळून टाकलेल्या उसाच्या चोथ्यासारखी झाली होती. जस्त आधी झिजतं म्हणून कूलरचं तांबं-पितळ वाचतं. ते निम्मं झालं की बदलायचं असतं आणि मी दोन वर्षं कांडी काढून पाहिली नव्हती. चूक माझीच. ऐन हंगामात अकरा दिवस होडी उभी राहिली, खलाशी बसून राहिले.

इंजिन बंद केलं की आत अडकलेलं खारं पाणी आटतं, मीठ उरतं आणि हवा शिरते. पावसाळ्यात ते मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि गंज रात्रंदिवस चालू राहतो. यावर उपाय साधा आहे. शाकारण्याआधी पंपाचा पाइप गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये सोडून इंजिन मंद चालवायचं. ड्रम रिकामा होऊ द्यायचा नाही, पंप कोरडा फिरला तर आतला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, जळतो. कूलरच्या कॉकमधलं पाणी बोटावर घेऊन चाखायचं, खारटपणा गेला की इंजिन बंद करून सगळं पाणी काढून टाकायचं. इम्पेलर काढून घरी ठेवायचा, म्हणजे त्याची पाती वाकून राहत नाहीत. खाऱ्या पाण्यापासून वेगळ्या असलेल्या, इंजिनाच्या आतल्या बंद टाकीत बोअरचं पाणी ओतणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, तिथे शुद्ध पाण्यात मिसळलेलं कूलंटच घाला. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात आणि आतूनही गंज लागतो.

हे मोठ्या इंजिनाला नीट करायचं तर निदान दोन ड्रम पाणी लागतं. आमच्या धक्क्यावर नळ नाही. गेल्या मेमध्ये बायको आणि वहिनीने घरून हंडे-कळशा डोक्यावरून आणल्या, तरी एकच ड्रम भरला आणि इंजिन अर्धवट धुतलं गेलं. संबंधित कार्यालयात आम्ही दोनदा अर्ज दिला, पोच मिळाली, नळ नाही. पाणी फुकट नको. मीटर बसवा, बिल आम्ही वाटून भरू.

पाणी नाही म्हणून काही जण साचलेले क्षार काढायला संडास धुण्याचं ॲसिड ओततात. त्याने इंजिन दोन दिवस थंड चालतं खरं, पण ॲसिड ॲल्युमिनियमची झाकणं आणि जस्त खातं. माझ्या शेजाऱ्याचा कूलर असाच महिन्याभरात गळायला लागला. आणि ते ॲसिड शेवटी जातं खाडीत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, याचा आम्हा कोळ्यांना अभिमान आहे. त्याच पाण्यात आमची जाळी पडतात, तिथे ॲसिड सोडताना पाहिलं की जीव तुटतो.

आमच्या होड्या ३१ मेपर्यंत धक्क्याला लागतील. त्याआधी एक नळ मिळावा, ही आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती. या वर्षी मी जस्ताच्या दोन कांड्या आणि नवा इम्पेलर आणून ठेवला आहे. पाणी तेवढं हवं.

आपला,
एक नाखवा, बेलापूर, नवी मुंबई