जुन्या घड्याळ-रेडिओविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या इस्टेट सेलमध्ये (घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत) तू घेतलेल्या जनरल इलेक्ट्रिकच्या घड्याळ-रेडिओची छायाचित्रे पाहिली. त्याची किंमत किती येईल, असे तू विचारले आहेस. पण तो अजून प्लगला लावला नसशील, तर आधी कृपा करून लावू नकोस.

स्टेशनांच्या पट्टीवर ६४० आणि १२४० किलोसायकलच्या जागी बारीक त्रिकोण आहेत. शीतयुद्धात हल्ल्याच्या सूचनेसाठी राखलेल्या या दोन जागा अमेरिकेत १९५३ ते १९६३ या काळातल्या संचांवर दाखवल्या जात, म्हणून त्याचा काळ ठरवणे सोपे झाले. मागच्या कागदावर १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४ हे पाच व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, दिसतात. नावातला पहिला आकडा फिलामेंटचे, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचे, व्होल्टेज सांगतो. त्यांची बेरीज १२१ होते, आणि म्हणूनच दिवाळीच्या माळेसारखे एकापुढे एक जोडलेले हे पाचही जण ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट घरच्या विजेवर चालतात. यात काटकसर होती, पण धोकाही होता: प्लग उलटा बसला, तर चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेशी जोडली जाऊ शकते आणि बटण निघालेल्या उघड्या दांड्याला हात लागला, तर झटका बसू शकतो. त्यामुळे तपासणी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे संचाला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, लावूनच करवून घे.

मेणकागदाचे कंडेन्सर आता गळके झालेले, म्हणजे नको तिथे वीज झिरपू देणारे, असणार; वीज सपाट करणारे फिल्टरचे कंडेन्सरही बदलावेच लागतील. काही हौशी मंडळी कंडेन्सरच्या जुन्या नळीतला माल काढून तिच्यातच नवा कंडेन्सर बसवतात. मला हा खटाटोप पटतो, कारण झाकण उघडणाऱ्याला आतला मूळ चेहरा दिसतो. मात्र काढलेले भाग फेकू नकोस. घड्याळ घरघरत असेल, तर ते चालवणाऱ्या टेलेक्रॉन कंपनीच्या मोटरीतले तेल सुकले आहे असे समज. काटे हाताने रेटू नकोस.

कॅबिनेट साध्या प्लास्टिकचे आहे, बेकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकचे नव्हे, असे चकाकीवरून वाटते. त्याला स्पिरिट किंवा थिनर लावलास, तर पृष्ठभागावर बारीक तडे जातील. ओलसर मऊ फडके पुरे, आणि तेही कागदी लेबलापासून दूर. किमतीचे म्हणशील, तर मोठे दाम कॅटालिन या जुन्या रंगीत प्लास्टिकच्या संचांना मिळतात. असे साधे संच भरपूर निघाले, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नकोस. न तडकलेले कॅबिनेट, मूळ बटणे आणि मागचे झाकण एवढ्यावरच भाव ठरेल. दुरुस्तीचा खर्च त्याहून जास्त येईल, तरीही ती करावी असे माझे मत आहे.

पुण्याला आणण्याचा विचार मात्र सोड. व्होल्टेज उतरवता येईल, पण मोटर अमेरिकेतल्या ६० सायकलच्या (सेकंदाला ६० आवर्तनांच्या) विजेची आहे. आपल्या ५० सायकलवर घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडेल.

बुडावरचा मॉडेल क्रमांक कळव, म्हणजे सर्किटचा आराखडा शोधून पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद