टोळधाड दिसते तेव्हा खूप उशीर झालेला असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टोळधाडीच्या बातमीत नेहमी आभाळ झाकलेला फोटो असतो, हेक्टरांचे आकडे असतात आणि शेवटी फवारणी सुरू आहे एवढं एक वाक्य असतं. पण हे किडे एकत्र का आले याबद्दल कुणी काही लिहीत नाही, आणि मला वाटतं खरी बातमी तीच आहे, म्हणून हे पत्र.

टोळ मुळात एकटा राहणारा प्राणी आहे. एकटा असतो तेव्हा तो बुजरा असतो, दुसरा टोळ दिसला की लांब सरकतो, उडायचं झालं तर रात्री उडतो. पाऊस होऊन अंडी भरपूर फुटली आणि नंतर हिरवळ कमी कमी होत गेली की सगळे उरलेल्या झुडपांवर दाटीने येतात आणि तिथे हाच किडा बदलायला लागतो. आधी वागणं बदलतं, रंग मागाहून. १९२१ साली कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी दाखवून दिलं की ज्यांना दोन वेगळ्या जाती समजत होते त्या एकाच जातीची दोन रूपं आहेत. वाळवंटी टोळाच्या मागच्या पायाच्या मांडीला ब्रशने थोड्या थोड्या वेळाने स्पर्श करत राहिलं तरी काही तासांत तो कळपात राहिल्यासारखा वागायला लागतो, आणि या बदलामागे सेरोटोनिन नावाचं मज्जासंस्थेतलं रसायन असतं हे २००९ मध्ये सिद्ध झालं. हो, माणसाच्या मेंदूत असतं तेच सेरोटोनिन.

स्पर्शाच्या जोडीला वास पण आहे. २०२० मध्ये चीनच्या ल कांग यांच्या टीमने प्रवासी टोळ या दुसऱ्या जातीच्या शरीरातून आणि विष्ठेतून येणाऱ्या वासांमधून ४-व्हिनाइलअॅनिसोल नावाचं एक रसायन वेगळं काढलं, जे नर मादी, लहान मोठे, एकटे कळपातले सगळ्यांनाच ओढून घेतं, आणि गंमत म्हणजे ते सुटायला हजारो टोळ लागत नाहीत, चार-पाच जण एकत्र ठेवले तरी पुरतं! म्हणजे गर्दी झाली की वास, वास आला की अजून गर्दी, आणि हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं कठीण. मिशांवरच्या बारीक केसांमध्ये हा वास ओळखणारा एक रिसेप्टर असतो, त्याचा जीन काढून टाकला तर त्या टोळांना या वासाची ओढ राहत नाही.

दुसरं रसायन फेनिलअॅसिटोनायट्राइल. हे कळपातले टोळ सोडतात, पक्ष्यांना त्याने इशारा मिळतो आणि पक्ष्याने हल्ला केलाच तर टोळाच्या अंगात त्याचंच हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होतं. २०२३ मध्ये कळलं की याच वासामुळे ते एकमेकांना खायचं पण टाळतात, कारण दाटीत भुकेले टोळ शेजाऱ्यालाच चावतात. ज्या कळपाला आपण एकजूट म्हणतो तो आतून इतका घाबरलेला असतो हे वाचून मी बराच वेळ विचार करत होतो.

आता मुद्द्याचं. एक चौरस किलोमीटरच्या धाडीत ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात आणि ती दिवसाला सुमारे ३५ हजार माणसांना पुरेल एवढं खाते. एवढं झाल्यावर विमानातून कीटकनाशक मारण्याशिवाय दुसरा फारसा मार्ग उरत नाही आणि त्यात मधमाश्या पण जातात. ४-व्हिनाइलअॅनिसोलसारख्या वासाने टोळांना ओढून पकडणारा सापळा लावायचा तर तो धाड बनायच्या आधी, टोळ जमायला लागले की लगेच, आणि तेव्हाच नेमकं कुणाचं लक्ष नसतं, धाड ओसरली की पाहणीचा पैसा पण आटतो. हे मला फार खटकतं.

उगाच चमत्काराच्या हेडलाइन पण नकोत प्लीज. ४-व्हिनाइलअॅनिसोल सापडलं प्रवासी टोळात, वाळवंटी टोळ ही वेगळी जात आहे, एकावरचा उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालता येत नाही. २०२५ मध्ये हा वास शरीरात तयारच होऊ न देणारं ४-नायट्रोफिनॉल सापडल्याचं आलं होतं, पण ते स्वतःच विषारी आहे, ते काही शेतात फवारता येणार नाही, तसंच काम करणारं सुरक्षित काहीतरी शोधायला लागेल.

तुमच्या विज्ञान पानावर यावर एखादा सविस्तर लेख द्या ही विनंती, आणि तो धाड नसताना द्या.

आपला नियमित वाचक