शिकण्याच्या शैलीबद्दल एका शिक्षक मित्रास

वाळपई, सत्तरी, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पेडण्यातील शाळेत रुजू झाल्यानंतरचे तुझे पहिले पत्र पोहोचले. प्रशिक्षणात मिळालेली प्रश्नावली सातवीच्या मुलांकडून भरून घ्यावी आणि पाहून, ऐकून, वाचून-लिहून व करून शिकणारे असे त्यांचे चार गट पाडावेत का, असे तू विचारले आहेस. मी हे एकदा केले आहे आणि त्यापायी एका मुलाचे जवळजवळ वर्ष वाया घालवले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तो मुलगा इथल्याच एका गावातला. पुस्तक उघडले की त्याची मान खाली जायची, पण प्रयोगशाळेत उपकरणे हाती आली की त्याला उसंत नसे. प्रश्नावलीने त्याला ‘करून शिकणारा’ ठरवले, मला ते लगेच पटले (सोयीचे होते ना!) आणि मी त्याला वाचनातून सूटच देऊन टाकली. तक्ते लावणे, भांडी मांडणे ही कामे त्याची. तोही खूश, मीही खूश.

मार्च महिन्यात, काजूच्या बोंडूंच्या ऐन हंगामात, ऊर्ध्वपातन (द्रव उकळून त्याची वाफ थंड करून पुन्हा द्रव मिळवणे) शिकवण्याची वेळ आली. फळ्यावर इंग्रजी व्याख्या लिहिली, तरी वर्ग ढिम्म. शेवटी मी कोकणीतून विचारले, “कोणागेर भाटी आसा?” (कोणाच्या घरी दारू गाळायची भट्टी आहे?) तेव्हा हाच मुलगा उठला आणि दहा मिनिटे बोलत राहिला. बोंडू तुडवून काढलेला रस काही दिवस आंबू द्यायचा, मग तो भांड्यात घालून खाली जाळ करायचा, वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात जाते तेव्हा त्या भांड्यावर थंड पाणी घालत राहायचे, पाणी घालायला चुकले तर वाफ तशीच निघून जाते आणि हाती काही लागत नाही, हे सगळे त्याने क्रमाने सांगितले. पहिल्यांदा गाळलेला हुर्राक आधी आणि पुन्हा गाळून होणारी फेणी नंतर का, हेही सांगितले. उकळणे, बाष्पीभवन, संघनन यांतले काहीही त्याला नवे नव्हते. त्याच्याकडे नव्हते ते फक्त पाठ्यपुस्तकातले शब्द. मुख्याध्यापकांना हा तास फारसा रुचला नाही, ते असो.

चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली आपली मुले पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येतात आणि घरी तर कोकणीच बोलतात, हे तुला सांगायला नको. मी ज्याला शिकण्याची शैली समजत होतो, ती पुष्कळशी त्या मुलाची इंग्रजी वाचनाची भीती होती. आणि नेमक्या ज्या गोष्टीत त्याला मदत हवी होती, तिच्यातूनच मी त्याला मोकळे केले होते.

ही चतुर्विध वर्गवारी नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी 1992 साली मांडली, ती मुख्यतः विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासाकडे डोळसपणे पाहावे म्हणून. पुढे 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने मुले अधिक शिकतात असे म्हणण्याइतका आधार त्यांना सापडला नाही. मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे खरेच आहे, पण नकाशा पाहूनच शिकावा लागतो आणि कविता ऐकूनच, मग शिकणारा कोणीही असो. म्हणून आता माझ्या वर्गात सगळीच मुले आधी आपल्या बोलीत सांगतात, मग आकृती काढतात, तिच्यावर इंग्रजी शब्द लिहितात, त्यानंतर उतारा वाचतात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहितात.

मुलांना शिकण्याची ओढ कशी लावावी, हेही तू विचारले आहेस. वाचनासाठी मी चांदण्यांचे स्टिकर वाटत असे. चांदण्या संपल्या त्या आठवड्यात वाचनकोपऱ्याकडे कोणी फिरकले नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या 1973 च्या प्रयोगात हेच दिसले होते. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस आधी कबूल करून चित्रे काढून घेतली, तर पुढे ती मुले आपणहून कमी वेळ चित्रे काढू लागली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले त्यांचा उत्साह मात्र टिकला. त्या भाटीच्या तासानंतर मी त्या मुलाला काहीच दिले नाही. पुढच्या धड्याची आकृती फळ्यावर कोण काढील, एवढेच विचारले. त्याने ती काढली आणि शब्द नीट लिहिता यावेत म्हणून, मी न सांगता, पुस्तक उघडले. त्याचे वाचन अजूनही अडखळतच चालते, पण आता तो वाचायचे टाळत नाही.

तेव्हा प्रश्नावली भरून घ्यायचीच असेल तर घे, मात्र गट पाडू नकोस. त्याऐवजी तुमच्या पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांत घरच्यांबरोबर राबणारा एखादा मुलगा तुझ्या वर्गात आहे का ते पाहा. असेल तर खारे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात केव्हा सोडायचे ते त्याला विचार, आणि त्याने काय सांगितले ते मला कळव.

तुझा,
वाळपईचा मित्र